हजर पर्वतातील पाण्याच्या पाळ्या

ओमानच्या उत्तर भागात समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी हजर पर्वताची उघडीबोडकी रांग पसरली आहे. जबल शम्स हे तिचे सर्वोच्च शिखर सुमारे 3000 मीटर उंच आहे. पायथ्याच्या मैदानात वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो आणि उंच पठारांवर तो 300 मिलिमीटरच्या आसपास जातो. अशा ठिकाणी माणसाने घर का करावे, याचे पहिले उत्तर तांबे हे आहे. हजरचा मोठा भाग प्राचीन समुद्रतळाच्या खडकांचा असून भूपट्टांच्या हालचालींमुळे हा तळ खंडावर चढला आणि त्यासोबत तांब्याची खनिजेही वर आली. मेसोपोटेमियाच्या लेखांत ज्या ‘मगान’ देशाच्या तांब्याचा उल्लेख येतो, तो देश या परिसरात होता असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेलुहा, मगान आणि दिलमुनची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे मेसोपोटेमियातील अक्कडचा राजा सारगॉन अभिमानाने सांगतो. त्यातील मेलुहा म्हणजे बहुधा सिंधू संस्कृतीचा प्रदेश, तर दिलमुन म्हणजे आजच्या बहरीनचा परिसर. त्याच काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातील दगडी मनोरे आणि थडगी बात येथे, तसेच जबल मिश्तसमोरच्या अल-ऐन येथे आजही उभी आहेत.

तांब्याचा व्यापार ओसरला, पण वस्ती टिकली, आणि ती पाण्यावर टिकली. डोंगरमाथ्यावरचा चुनखडक भेगाळलेला असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते, पाणी न झिरपणाऱ्या थरापाशी अडते आणि तेथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते किंवा पायथ्याच्या गाळात साठते. हे पाणी केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणणाऱ्या कालव्याला ‘फलज’ म्हणतात. काही फलज झऱ्यातून निघतात, तर काही वाडीतल्या, म्हणजे एरवी कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्रातल्या, उथळ प्रवाहातून. सर्वांत कष्टाचा प्रकार ‘दाऊदी’ हा होय. त्यात डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजलाला हात घालतात आणि तेथून अगदी मंद उताराचा बोगदा काही किलोमीटर नेतात. खोदताना माती वर काढण्यासाठी आणि हवा खेळती राहण्यासाठी थोड्याथोड्या अंतरावर उभे कूप घेतात. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची माती खरवडते आणि कमी झाला तर गाळ साचतो, त्यामुळे खोदणाऱ्याचा अंदाज चुकून चालत नसे. ओमानमध्ये सुमारे 3000 फलज आजही वाहते आहेत आणि त्यांपैकी पाच 2006 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

मला मात्र खोदकामापेक्षा पाण्याची वाटणी अधिक थक्क करणारी वाटते. फलजचे पाणी गावात शिरताच आधी पिण्यासाठी भरले जाते, मग मशिदीला आणि स्नानगृहांना मिळते, आणि त्यानंतर शेतीकडे वळते. शेतीतही खजुराच्या बागांचा हक्क पहिला आणि हंगामी वाफ्यांचा नंतरचा, कारण टंचाईच्या वर्षी वाफे पडीक ठेवता येतात, पण वाळलेले झाड पुन्हा उभे करायला अनेक वर्षे लागतात. शेतकऱ्याच्या मालकीची असते ती पाण्याची वेळ. ‘अथर’ हे तिचे एकक साधारण अर्ध्या तासाचे असते आणि ही पाळी वारशाने मिळते, विकता येते, भाड्यानेही देता येते. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ठरावीक ताऱ्यांच्या उदयास्तावरून पाळी मोजली जाई. काही पाळ्या फलजच्याच नावावर असतात. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशांतून दुरुस्ती केली जाते.

हजर पर्वताचाच भाग असलेल्या जबल अख्दरवरील सैक पठाराच्या कडेला, सुमारे 2000 मीटर उंचीवर, याच पाण्यावर दगडी बांधांच्या पायऱ्यांवर डाळिंब, अक्रोड आणि गुलाब पिकतात. वसंतात फुले खुडून घरोघरी गुलाबपाणी गाळतात. 1950 च्या दशकात ओमानच्या अंतर्भागाचा धार्मिक प्रमुख असलेला इमाम आणि मस्कतचा सुलतान यांच्यातील संघर्षात ब्रिटिश विमानांनी या पठारावरील गावांवर बॉम्ब टाकले आणि 1959 च्या जानेवारीत ब्रिटिश सैनिकांनी कडे चढून ते ताब्यात घेतले. 1970 नंतर रस्ते, शाळा आणि नोकऱ्या आल्या. वाडी बनी हबीबसारखे गाव ओस पडले, कारण लोकांनी वर सोयीची नवी घरे बांधली.

आता चिंता दोन आहेत. यंत्राने उपसणारी विहीर एकट्याच्या मालकीची असते आणि ती भूजल खाली नेते, तेव्हा सामाईक फलज आधी आटतो. म्हणून फलजच्या उगमाजवळ नवी विहीर खणण्यावर ओमान सरकारने निर्बंध घातले आहेत. दुसरी चिंता उंचावरच्या बागांची आहे. अक्रोड, जर्दाळू अशा झाडांना बहर येण्यासाठी हिवाळ्यात पुरेशी थंडी लागते, आणि ती घटत गेली तर भरपूर पाणी मिळूनही त्यांना फळ धरणार नाही.