ढिवरांची मासेमारी आणि तलावसंवर्धन : मानवशास्त्रीय अभ्यास

पूर्व विदर्भातील ढिवर व त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या मासेमार जातींचे पाण्याविषयीचे ज्ञान, मासेमारीचे रिवाज आणि तलाव-नद्यांवरील हक्क यांचा मानवशास्त्राच्या अंगाने होणारा अभ्यास. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा लगतचा भाग हे त्याचे क्षेत्र. यातल्या बऱ्याच मुलखाला लोक झाडीपट्टी म्हणतात. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या अभ्यासाची बीजे समुद्रकाठच्या संशोधनात आहेत आणि तिथे तयार झालेले सिद्धांत झाडीपट्टीत आल्यावर अडखळतात.

मासेमारांकडे मानवशास्त्राचे लक्ष जुनेच. रेमंड फर्थ यांचा मलाय मासेमारांच्या अर्थव्यवहारावरील अभ्यास १९४६ साली प्रसिद्ध झाला. संवर्धनाचा वाद मात्र पेटला तो जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या लेखानंतर. जे सर्वांचे ते ओरबाडले जाणारच, तेव्हा एक तर सरकारने ताबा घ्यावा नाही तर खासगी मालकी आणावी, असा त्यांचा रोख होता. किनाऱ्यावर मुक्काम ठोकून काम केलेल्या संशोधकांना हे पटेना. अमेरिकेतील मेन राज्यात जेम्स अ‍ॅचसन यांना दिसले की शेवंड पकडणाऱ्या प्रत्येक बंदराच्या टोळीचा समुद्र ठरलेला असतो आणि परक्याने तिथे सापळे लावले तर ते कापले जातात. पलाऊ बेटांवर रॉबर्ट जोहान्स यांनी कोणता मासा चंद्राच्या कोणत्या कलेला अंडी घालायला जमतो हे मासेमारांकडून टिपून घेतले. तुर्कस्तानातल्या अलान्या येथे मासेमार सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जाळ्यांच्या जागा वाटून घेत आणि मग रोज एकेक जागा सरकत, म्हणजे चांगली जागा कुणा एकाला आंदण राहत नसे. हे उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये आपल्या मांडणीत वापरले. अशाच कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या सगळ्या संशोधनाचा गाभा एकच: पाण्यात कोणाला शिरू द्यायचे. झाडीपट्टीत हा प्रश्न दुय्यम ठरतो. इथला तलाव माणसाने बांधलेला आहे, तोही धानासाठी. त्यात पाणी किती राहणार, हे तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, ज्याच्या हाती तो ठरवतो, आणि तो सहसा मासेमार नसतो. समुद्राला तुडूम नाही, त्यामुळे समुद्री संशोधनातून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

तलाव कोणाचे

पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी, म्हणजे मामा, तलाव आहेत. मालगुजार म्हणजे गावाचा सारा भरणारा जमीनदार. गोंड राजांच्या उत्तेजनाने कोहळी समाजाने हे तलाव बांधले. उतारावर आडवी मातीची पाळ घालून, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडत त्यांच्या साखळ्या तयार केल्या. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात असलेला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. भोवतालच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि कोलू पाटलांचा कोलासूर देव झाला आहे. बांधणाऱ्याला देवपण मिळते आणि त्यात रोज जाळे टाकणाऱ्याचे नाव कुठे कोरले जात नाही, हे इथल्या तलावांच्या इतिहासलेखनाबद्दलही खरे आहे. कोहळ्यांच्या बांधणीवर बरेच लिहिले गेले, ढिवरांच्या वाट्याला ओळी आल्या त्या थोड्याच.

मालगुजार होता तोवर तलावाची देखरेख, पाणीवाटप आणि मासेमारीची परवानगी या गोष्टी एकाच वाड्यातून चालत. ती व्यवस्था न्यायाची होती असे मुळीच नाही. ढिवराला जाळे टाकायचे तर मालगुजाराची मर्जी सांभाळावी लागे. पण सगळे धागे एका हातात होते. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि बहुतेक तलाव सरकारजमा झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदांकडे गेले. आज एकाच तलावात पाळ आणि पाणी शासनाचे, सिंचन शेतकऱ्यांचे, मासळी ठेका घेतलेल्या मच्छीमार सहकारी संस्थेची, आणि पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन आणखी कुणाची, अशी वाटणी असते. ऑक्टोबरात पावसाने दडी मारली की भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान वाचवायला तुडूम उघडते. उन्हाळी धान घेतले तर पंपाने उरलासुरला डोहही आटतो. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मोठे मासे ज्या खोल पाण्यात तग धरतात, तेच पाणी आधी जाते. इथे शेतकरी दुष्ट नाही आणि ढिवर आळशी नाही. दोघांची गरज एकाच पाण्यावर आहे आणि दोघे एकत्र बसतील अशी जागा व्यवस्थेने ठेवलेली नाही.

गावाचे जुने रिवाज नोंदवण्याची सोय विदर्भात होती, आणि कागदावर अजून आहे. निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन दस्तऐवज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही टिकले. वाजिब-उल-अर्जात सिंचनाच्या आणि मासेमारीच्या रूढ हक्कांची नोंद करायची असते. अट एवढीच की ती जमीन वा पाणी शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीचे, ताब्यातले नसावे. मामा तलाव सरकारजमा झाल्यावर या अटीने काय उरले, ते उघड आहे.

ढिवर

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत काढलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात या समाजाची नोंद आहे: मासे पकडणारे, पालखी वाहणारे, घरोघर पाणी भरणारे आणि तलावात शिंगाडे लावणारे. प्रशासनाला जाती मोजून, खणांत बसवून हव्या होत्या. त्या कामासाठी केलेली ही नोंद आहे आणि ती तशीच वाचावी. मासा कुठे राहतो हे ढिवराला कसे कळते, असा प्रश्न त्यात कुणी विचारलेला नाही. महाराष्ट्रात हा समाज भोई व तत्सम जातींसह भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो. प्रवर्गाचे नाव भटके असले तरी बहुतेक ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तलावाच्या किंवा वैनगंगेच्या काठीच राहत आली आहेत. शेती बहुतेकांना नाही, असली तर नावापुरती.

खोल पाण्यात डोंगा आणि मोठी जाळी पुरुषांकडे. उथळ पाण्यातले झिंगे, बारीक मासळी, बांध्यांतले, म्हणजे धानाच्या शेतांतले, खेकडे, कमळाचे कंद म्हणजे ढेस, शिंगाड्यांची तोडणी आणि बाजारची विक्री यांत बायकांचा मोठा वाटा. संशोधकाने पारावर बसलेल्या पुरुषांनाच विचारले तर काठाचा अख्खा उथळ पट्टा त्याच्या वहीतून गळतो. संस्थांच्या सभासद यादीतही बायकांची नावे कमीच दिसतात.

या ज्ञानाचे एक उदाहरण मरळीचे. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला अंडी घालते आणि पिल्ले बाहेर आल्यावर त्यांच्यावर पहारा ठेवते. पिल्ले नारिंगी-लाल असतात, थव्याने फिरतात आणि श्वास घ्यायला पुन्हापुन्हा वर येतात, त्यामुळे शांत पाण्यावर बशीएवढा लालसर डाग थरथरताना दिसतो. त्या डागाखाली हातभर अंतरावर मोठी मरळ आहे, हे जाणत्याला सांगावे लागत नाही. तिला त्या घडीला धरणे सोपे असते, कारण पिल्ले सोडून ती लांब जात नाही. पण ती गेली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्हणजे मासा कसा पकडायचा हे ज्या खुणेवरून कळते, तीच खूण कधी थांबायचे तेही सांगते. पाळायचे की नाही हे मात्र ज्ञानावर अवलंबून नसते. पुढच्या वर्षी या तलावाचा ठेका आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो आज समोर दिसणारी मरळ सोडेल कशाला?

चढणीच्या माशांचेही तसेच. मृगाच्या पावसात तलावाला येऊन मिळणाऱ्या नाल्याला पाणी फुटले की मासे उलट्या धारेने वर, बांध्यांपर्यंत चढतात आणि तिथल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. त्या तोंडाशी सापळे लावले तर एका रात्रीत टोपल्या भरतात. राज्याच्या किनाऱ्यावर याच हंगामात, सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना समुद्रबंदी असते. तिथे बंदी सरकार घालते आणि तटावर नौका मोजता येतात. शेकडो नाल्यांच्या तोंडाशी असली बंदी गावानेच घातली तर टिकते.

कटला, रोहू आणि बेशरम

ओडिशात अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प (कटला, रोहू यांच्या कुळातल्या) माशांचे प्रजनन यशस्वी केले. या तंत्राने मत्स्यबीज पाहिजे तेव्हा तयार करता येऊ लागले आणि देशभरच्या तलावांत कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. पुढे ग्रास कार्प आणि सायप्रिनस हे परदेशी कार्पही आले. मासळीचे वजन वाढले, संस्थांच्या हाती रोकड आली. हा फायदा खोटा नाही. पण उत्पादन किलोत मोजू लागल्यावर बाजारात नाव नसलेले बारीक देशी मासे हिशेबातूनच गेले. ग्रास कार्पचे खाणेच पाणवनस्पती. आणि ज्या झुडपी पाण्यात मरळ, मागूर आणि बारीक मासळी वाढते, ते झुडूपच गेले की जाळे बदलूनही काही हाती लागत नाही.

दुसऱ्या बाजूने काठावरून बेशरम या चिवट झुडपाचे बेट आत सरकते आणि शेतातला गाळ व खत उतरून पाणी जलकुंभीने झाकले जाते. उपग्रहाच्या चित्रात तलाव हिरवागार दिसतो. ढिवराच्या लेखी तो मेलेला असतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर संस्थांबरोबर केलेले काम यासाठी महत्त्वाचे आहे. बेशरम नुसते कापले तर पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट खणून काढायचे, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा, आणि पाऊस लागला की दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती चिखलात रोवायच्या, असा त्याचा क्रम. रोवणी हा शब्द इथे चपखल बसतो, कारण धानाचे परे लावणाऱ्या त्याच बायका हे कामही करतात. कोणती वनस्पती कोणत्या खोलीला आणि कोणत्या माशासाठी, हे ढिवरांनी सांगायचे आणि अभ्यासकांनी त्याला शास्त्रीय नावांची जोड द्यायची, अशी ही वाटणी. संशोधक आणि माहितगार यांतला फरक अशा ठिकाणी पुसट होतो.

नदीकाठची स्थिती वेगळी. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. वाहत्या नदीचे साचलेले पाणी झाले की वाहत्या धारेसाठी बेतलेली जाळी आणि डोहांची वाटणी निरुपयोगी ठरते. नागपूरचे सांडपाणी नाग नदी आणि कन्हानमार्गे याच जलाशयात येते. धरणाच्या पुनर्वसनात नुकसान मोजतात ते शेत आणि घर. ज्याचे शेत म्हणजे नदीच, त्याला त्या तक्त्यात रकाना नसतो.

जंगलातले पाणी

संरक्षित जंगलात जलाशय आला की भांडण वाघ आणि मासा यांच्यात लावले जाते. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर आहे. मध्य प्रदेशाने विस्थापित आदिवासी कुटुंबांना दिलेले मासेमारीचे ३०५ परवाने सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाले. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. ओळखपत्रे, ठरलेली वाट, काठावर चूल न पेटवणे, मासळीची नोंद अशा अटी घातल्या. त्याच जलाशयाच्या महाराष्ट्राच्या बाजूला मासेमारांना हटवण्याचा मार्ग धरला गेला. पाणी एक, मासा एक, राज्ये दोन: तुलनात्मक अभ्यासाला याहून चांगले क्षेत्र सापडणे अवघड.

वनहक्क कायदा, २००६ ने पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पन्नावरचा सामुदायिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. अर्थात तो वनजमिनीपुरता आहे, गावठाणाजवळच्या बहुतेक मामा तलावांना त्याचा उपयोग नाही. शिवाय ढिवर अनुसूचित जमातीत नसल्याने त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. पाण्याचा सातबारा कुणाकडेच नसतो. इथे मानवशास्त्र थेट कामाला येते, कारण कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून ज्येष्ठांचे लेखी जबाब, मासेमारीच्या परंपरागत जागा, निस्तार आणि नामांकित संस्थांनी केलेले रूढींचे अभ्यास धरले जातात. अशा संस्थेचे उदाहरण म्हणून नियमातच भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचे नाव आहे, आणि त्याचे मध्य विभागीय केंद्र नागपुरातच आहे. ‘येथील लोक पूर्वापार मासेमारी करतात’ असे ढोबळ वाक्य मात्र ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे टिकत नाही. तलावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याने, कोणाच्या आजोबापासून, आणि त्या वेळी तुडूम कोण उघडत होते, इतके वहीत उतरलेले असावे लागते.