१८५ रुपयांत कोंबडी बसते कशी?

केंद्र सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीतला एक आकडा अधूनमधून छापून येतो आणि आमच्याकडे खानदेशात टपरीवर हशा पिकतो. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतात दरडोई महिन्याचा सरासरी खर्च ३,७७३ रुपये निघाला. त्यात अंडी, मासळी आणि मांस यांचा वाटा ४.९१ टक्के, म्हणजे साधारण १८५ रुपये. "इतलामा कोंबडीनी तंगडी बी येस नही, भो!" हा त्यावरचा ठरलेला शेरा. मग लगेच निष्कर्ष: सरकारी आकडे टेबलावर बसून भरलेले असतात.

हा आकडा माणशी आहे, घराचा नव्हे. पाच जणांचं घर धरलं तर ९२५ रुपये होतात. शिवाय ज्या घरात अंडंही शिजत नाही, ती घरंसुद्धा या सरासरीत आहेत. इथवर सोपं आहे. खरी मौज आहे ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत.

पाहणी करणारा माणूस तांदूळ, डाळ, साखर, मीठ यांचा हिशोब गेल्या ३० दिवसांचा विचारतो, कपड्यांचा आणि मोठ्या वस्तूंचा ३६५ दिवसांचा. अंडी-मांस-मासळीचा मात्र फक्त ७ दिवसांचा. आता समजा, एका गावात १०० घरं आहेत आणि प्रत्येक घर चार आठवड्यांतून एकदाच २५० रुपयांची कोंबडी आणतं. कुठल्याही आठवड्यात गेलात तर साधारण २५ घरं सांगतील २५० आणि ७५ घरं सांगतील शून्य. आठवड्याची सरासरी ६२ रुपये ५० पैसे. चारने गुणा: बरोबर २५०. तीनचतुर्थांश घरांनी शून्य सांगूनही सरासरी पैशाला पैसा जुळली! पण याच कागदावरून कोणी "गावातले ७५ टक्के लोक शाकाहारी" म्हणाला, तर तो पार फसला. सरासरी खरी आणि घराघराचं चित्र खोटं, असं एकाच वेळी होऊ शकतं.

थोडं गणित सोसा. चारने गुणल्यावर प्रत्येक घराचा आकडा एकतर १,००० येतो, नाहीतर ०. त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप, १,००० × √(०.२५ × ०.७५), म्हणजे ४३३ रुपये. खरा फरक शून्य असताना हा एवढा पसारा निव्वळ प्रश्नामुळे तयार झाला. पाहणीत एका गावातून १८ घरं घेतात. सरासरीत किती चूक राहील हे काढायला ४३३ ला १८ च्या वर्गमुळाने भागलं की १०२ येतात. म्हणजे एका गावापुरता अंदाज २५०, पण त्यात शंभरेक रुपये इकडेतिकडे सहज होणार. देशभरात मिळून १,५५,०१४ ग्रामीण घरं होती. त्या संख्येचं वर्गमूळ सुमारे ३९४, आणि चूक उरते रुपयाच्या आसपास. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात म्हणून प्रत्यक्षात ती याहून जास्त असते, तरी तत्त्व हेच. तेव्हा देशाचा आकडा भरवशाचा. तोच घेऊन कोणी आपल्या गल्लीत चिकन सेंटर टाकू नये.

मग ३० दिवसांचंच का विचारत नाहीत? कारण माणूस विसरतो. पण ७ दिवसांतही गोम आहे. घरी पाहुणे आले, कोंबडी कापली, ही गोष्ट ठळक आठवते आणि नऊ दिवसांपूर्वीची असली तरी "परवाच तर झाली" म्हणून हिशोबात घुसते. अमेरिकेत नेटर आणि वाक्सबर्ग या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये घरदुरुस्तीच्या खर्चावर नेमका हाच प्रकार दाखवला होता. विसरण्याने आकडा खाली जातो, अशा ओढाताणीने वर. आपल्याकडे "मागच्या बाजारापासून" असं विचारलं तर ही चूक बरीच आवरेल असं मला वाटतं, कारण खेड्यात आठवडा मोजला जातो तो बाजाराच्या दिवसापासून.

पाहणी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ अशी वर्षभर चालली, तेही उगाच नाही. आखाडात दुकानासमोर रांग असते आणि श्रावणात दुकानदार माशा मारतो. मध्येच एखादी साथ किंवा आवई आली तर विचारूच नका. फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, कोंबड्या माराव्या लागल्या, ती भीती निदान खऱ्या आजाराची होती. तरी ७० अंशांवर नीट शिजलेल्या रश्शात तो विषाणू टिकत नाही, हे कोणी ऐकून घेईना. २०२० च्या सुरुवातीला तर "चिकनने कोरोना होतो" या बिनबुडाच्या मेसेजने पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. अशा आठवड्यात विचारलेल्या घरांवरून वर्षाचा अंदाज बांधला तर काय निघेल?

सातपुड्यात प्रश्न निराळा. धडगाव, मोलगीकडे अंगणातली गावरान कोंबडी घरीच खाल्ली तर खिशातून पैसा जात नाही, पण पाहणीत तिची किंमत धरतात. तीही उत्पादकाला जागेवर मिळेल त्या भावाने, दुकानातल्या नाही. बाजारात पाय बांधलेली कोंबडी हातात तोलून, छातीचं हाड चाचपून भाव ठरतो. वजनकाटा निघतच नाही. तिथे "किती किलो" या रकान्यात काय लिहायचं, हे त्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यालाच माहीत.

शिवाय उत्तर कोण देतं? बऱ्याच घरांत मांस स्वयंपाकघरात येत नाही. पोरं वर्गणी काढून मळ्यात चूल मांडतात, काळ्या मसाल्याचा रस्सा तिथेच संपतो आणि प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या माउलीला त्या वर्गणीचा पत्ताच नसतो. ढाब्यावर खाल्लेली प्लेट तर मांसाच्या खात्यात धरतच नाहीत. ती तयार जेवणाच्या गटात जाते, शेजारच्या टेबलावरच्या शेवभाजीसोबत.