वस्तरा धारेला पाठवण्याआधी

‘धार गेली’ अशी चिठ्ठी लावून आमच्याकडे परत येणाऱ्या वस्तऱ्यांपैकी बहुतेकांची धार दाढी करून गेलेली नसते, पट्ट्यावर, म्हणजे दाढीआधी वस्तरा ज्यावर घासतात त्या चामड्याच्या पट्ट्यावर, गेलेली असते. भिंगाखाली धरले की लगेच दिसते: कड एका बाजूला मुडपलेली, तीही बहुधा टोकाकडच्या भागात. असा वस्तरा पुन्हा दगडावर घ्यावा लागतो. त्यात आमचा वेळ जातो, तुमची दाढी खोळंबते आणि चांगले पोलाद उगाच झिजते.

पट्टा धार लावत नाही. धार दगडावर लागते. आम्ही हजार ग्रिटच्या दगडापासून सुरुवात करून बारा हजारांपर्यंत जातो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) आणि मगच वस्तरा डबीत भरतो. दाढी करताना थोडी इकडेतिकडे झुकलेली कड सरळ करणे, एवढेच पट्ट्याचे काम. केसासारख्या मऊ वस्तूने पोलादाचे काय बिघडणार, असे पुष्कळ जण विचारतात. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नासपट मऊ, हे खरेच. पण २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले, की तोच केस दाढीच्या पात्याच्या कडेचे बारीक टवके उडवतो. तेव्हा दाढी भरपूर भिजवा आणि दर वेळी आधी पट्टा मारा. पट्ट्याच्या कापडी बाजूवर वीसेक हात (म्हणजे फेऱ्या), चामड्यावर चाळीस-पन्नास.

पट्ट्याचे एक टोक हुकात अडकवा आणि दुसरे असे ओढून धरा, की मधे झोळ राहणार नाही. झोळ राहिला तर चामडे कडेभोवती वळते आणि धार गोल होते. पाते सपाट टेकवा, म्हणजे पाठ (पात्याची जाड बाजू) आणि कड एकाच वेळी चामड्याला लागतील. सरकवताना पाठ पुढे, कड मागे. दाब देऊ नका, वस्तऱ्याचे वजन पुरते.

खरी चूक होते ती वळताना. पट्ट्याच्या शेवटी पाते पाठीवर पलटायचे असते. पाठ चामड्यावरून उठता कामा नये. ती तिथेच टेकलेली राहते आणि कड वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. नवखा माणूस घाईत पाठ उचलतो किंवा हात थांबण्याआधीच वस्तरा वळवतो, आणि कड चामड्यात रुतते. असा एक हात पडला की आधीचे सगळे हात फुकट. म्हणून पूर्ण थांबा, पलटा, मग परत निघा. पलटायचे ते बोटांनी, मनगटाने नाही. पाते आणि मूठ यांच्यामधला पोलादी दांडा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून फिरवा. सलूनमधला तो चटचट आवाज काढायची हौस सगळ्यांनाच असते. ती तूर्त बाजूला ठेवा. सावकाश मारलेल्या पट्ट्याने धार कमी होत नाही. पहिले काही दिवस बोथट सुरीवर हात बसवला तर उत्तम.

पट्टा तीन इंची घ्या. त्यावर अख्खे पाते एकदम मावते. अरुंद पट्ट्यावर ते तिरके ओढावे लागते आणि नेमके टोक सुटते. पहिला पट्टा थोडाफार कापला जातोच, म्हणून शिकाऊंसाठी आम्ही साधा पट्टा वेगळा ठेवतो.

आमचा एक नियम काहींना जाचक वाटतो: नवा वस्तरा आला की पहिली दाढी पट्टा न मारता करा. आम्ही पट्टा मारूनच पाठवतो. त्या दाढीत केस ओढले गेले तर दोष आमचा, धार पुन्हा फुकट लावून देऊ. दाढी छान झाली आणि पुढे ओढू लागला, तर तुमचा हात तपासायला हवा, हे तुम्हालाही कळते. अंगठा फिरवून धार पाहू नका. अंगठाही जातो आणि धारही.

दाढी करताना वस्तरा गालाशी सुमारे ३० अंशांत धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा आणि केसांच्या दिशेने चला. पाते आडवे, कडेच्या लांबीच्या दिशेने सरकले की कापलेच समजा. सुरुवातीला फक्त गाल करा. हनुवटी आणि ओठांवरचा भाग नेहमीच्या रेझरवर सोपवा.

कार्बन पोलाद गंजते. दाढी झाली की पाते पुसा, मुठीच्या खिळ्यात पाणी जाऊ देऊ नका, थोडा वेळ उघडे ठेवा आणि मगच मिटा. बाथरूममध्ये ठेवू नका. काही दिवस वापरणार नसाल तर मशीनच्या तेलाचा हात फिरवा. खाद्यतेल नको, ते चिकटून बसते.

दगड आम्ही विकतो, पण नवख्या ग्राहकाला आग्रह करत नाही. पट्टा नीट मारला तर धार काही महिने टिकते, तेवढ्यापुरते आमच्याकडे पाठवणे परवडते. चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे मात्र वस्तरा देऊ नका. चाकाच्या उष्णतेने पोलादाचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते आणि पाठीमुळे ठरलेला धारेचा कोनही बिघडतो. असा वस्तरा आम्ही घेतो, पण सुधारेलच अशी हमी देत नाही. ब्लेड बदलायच्या वस्तऱ्याला पट्टा लागतच नाही. त्याचे ब्लेड बदला, झाले.

धारेला पाठवताना वस्तरा कोरडा करून, तेल लावून, मिटलेल्या मुठीवर रबरबँड घालून पाठवा. सोबत पट्ट्याचा फोटो जोडलात तर बरे. चामड्यावरचे काप पाहून वळताना हात कुठे चुकतो ते आम्हाला बहुधा सांगता येते, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.