गाडी लागायची गोळी आणि उलटीची गोळी: व्हेल बघायला जाताना बॅगेत नक्की कुठली?

"श्रीलंकेत मिरिस्साला व्हेल बघायला चाललोय, उलटीची गोळी घेतलीये सोबत" असं कोणी सांगितलं की मी आधी म्हणते, स्ट्रिप काढ आणि मागचं बारीक अक्षरातलं नाव वाच. बऱ्याचदा तिथे ओन्डान्सेट्रॉन असतं. एमेसेट, व्होमीकाइंड वगैरे, घरात कोणाचं पोट बिघडलं की आपण जी काढतो तीच. आणि बोट लागू नये म्हणून तिचा काही उपयोग नाही. तिथे लागते ॲव्होमिन, म्हणजे प्रोमेथाझिन, किंवा स्टुजेरॉन, म्हणजे सिनारिझिन, घाटात गाडी लागू नये म्हणून घेतो ती. दोन्ही प्रकारच्या गोळ्या छोट्या, दोन्ही उलटीवरच्या, केमिस्टला नुसतं "उलटीची द्या" म्हटलं तर हातात काय पडेल याचा भरवसा नाही, म्हणून "समुद्रात जायचंय, बोट लागू नये म्हणून हवीये" असं नीट सांगाच.

आता फरक का पडतो ते बघा. उलटी सारखीच दिसते पण ती सुरू कुठून होते ते वेगळं असतं. खराब काही खाल्लं, इन्फेक्शन झालं किंवा केमोथेरपी चालू असली की आतड्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं आणि त्यातून मेंदूला निरोप जातो की बाहेर टाका, ओन्डान्सेट्रॉन तो निरोप अडवतं, कॅन्सरच्या पेशंटना त्याने खरंच मोठा दिलासा दिलाय. बोटीवर मात्र पोटाचा काही दोषच नसतो. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वरखाली होतोय, कलतोय, आणि डोळे असतात मोबाइलवर किंवा समोरच्या बाकावर, ते सांगतात काहीच हलत नाहीये, या ओढाताणीतून मळमळ सुरू होते. इथे काम चालतं हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या दुसऱ्या रसायनांवर. ॲव्होमिन त्या दोघांना अडवते म्हणून लागू पडते, आणि त्याच कारणाने झोप येते नि तोंड कोरडं पडतं.

दुसरा फरक वेळेचा, आणि माझ्या मते इथेच जास्त लोक फसतात. पोट बिघडलं की आपण त्रास सुरू झाल्यावर गोळी घेतो, तीच सवय बोटीवरही लावतो. पण ॲव्होमिन निघायच्या एक ते दोन तास आधी पोटात जायला हवी, लांबच्या प्रवासाला तर आदल्या रात्री झोपतानाच घेतात. मिरिस्साच्या बोटी सकाळी साडेसहाच्या आसपास सुटतात, म्हणजे पाचच्या सुमाराला उठून घ्यायची. जेटीवर रांगेत उभं राहून घेतली तर उशीर झाला, आणि मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर त्याहून वाईट, कारण तोपर्यंत पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीत बाहेर येते.

"तारकर्लीला डॉल्फिन बघताना तर काहीच झालं नव्हतं" हेही ऐकू येतं. अहो, तिथे तुम्ही किनाऱ्याला धरून तासभर फिरलात. मिरिस्साला खोल समुद्र किनाऱ्यापासून फार लांब नाही, ब्लू व्हेल तिथे दिसतो तो त्यामुळेच, आणि तुम्ही उघड्या समुद्रात तीन-चार तास, कधी जास्त पण असता. डिसेंबर ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत, तरी लाट असतेच. आणि एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही, बोट चालू असताना एवढा त्रास होत नाही, होतो तो व्हेल दिसल्यावर! इंजिन मंद करतात, बोट जागेवरच डावी-उजवी डोलायला लागते, डिझेलचा वास पुढे येतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये किंवा दुर्बिणीत डोळे घालून बसतात. पाण्याचा उंच फवारा उडतो, लांबलचक निळसर राखाडी पाठ सरकत जाते, काही श्वास घेऊन झाले की शेपटी वर येते आणि जनावर खाली जातं, ते परत वर यायला दहा-पंधरा मिनिटंही लागतात. ती मिनिटं क्षितिजाकडे बघत काढा, फोन खिशात ठेवा, फवारा परत उडाला की काढा.

बसायला खालचा डेक, बोटीच्या मधोमध. वरून छान दिसतं हे खरं, पण तिथे झोका जास्त लागतो. रिकाम्या पोटी जाऊ नका, दोन बिस्किटं, केळं, आल्याची वडी चालेल, तेलकट नको. आणि व्हेल दिसला की सगळे एकाच बाजूला धावतात ते अजिबात करू नका, लाइफ जॅकेट अंगात आणि एक हात कठड्यावर, मुलांचा हात मोठ्यांच्या हातात.

गोळी बरोबर निवडली तरी काही जणांनी आधी डॉक्टरांना विचारायचंच. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन अजिबात द्यायचं नाही, श्वासाला धोका असतो, त्याहून मोठ्यांचा डोसही डॉक्टरच सांगतील. काचबिंदू असलेले, प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असलेले आजोबा, गरोदर बाई, हृदयाच्या ठोक्यांची औषधं चालू असलेले, हे सगळे विचारूनच. "दोन्ही घेऊन टाकू म्हणजे प्रश्नच नाही" हा विचार तर सोडूनच द्या, ओन्डान्सेट्रॉन आणि प्रोमेथाझिन दोन्हींचा हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. सर्दीच्या गोळ्यांत पण बऱ्याचदा झोप आणणारं औषध असतं, ती आणि ॲव्होमिन एकत्र झाली की माणूस बोटीवर झोपूनच जातो. घेतल्यावर दारू नको आणि परतताना स्कूटर चालवायची नाही.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरीला जाणाऱ्यांसाठी, अमेरिकेत प्रोमेथाझिनला प्रिस्क्रिप्शन लागतं, दुकानात सरळ मिळतात त्या ड्रामामाइन आणि बोनिन. मूळ ड्रामामाइनमध्ये डायमेनहायड्रिनेट, बोनिनमध्ये मेक्लिझिन, दोन्ही बोट लागण्यावरच्याच, मेक्लिझिनने झोप थोडी कमी येते. तिथे गारठाही भरपूर, जाड जॅकेट न्या.

एवढं करूनही कोणाला लागलीच तर त्याला टॉयलेटमध्ये पाठवू नका, बंद जागेत अजून वाढतं. वारा पाठीवर येईल त्या बाजूला बसवा, पिशवी द्या, नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा, पाणी घोटघोट द्या, आणि उलटी करायला वाकताना कोणीतरी त्याला घट्ट धरून ठेवा.