गाठ गेली, पुढची काळजी कुणाची?

मिरजेला कॅन्सरचा पेशंट एकटा येत नाही. जतहून, आटपाडीहून, पलीकडं विजापुराहून येतो तेव्हा सोबत घरातलं एक माणूस असतं, जेवणाचा डबा असतो आणि छातीशी धरलेली फाईल असते. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की बऱ्याच जणांना साधारण सहा आठवडे रेडिएशन लागतं. कुणी खोली भाड्यानं घेतं, कुणी रोज एसटीनं ये-जा करतं. महात्मा फुले योजनेमुळं खर्चाचा मोठा भार हलका होतो. शेवटचं रेडिएशन झालं की फाईलवर पुढची तारीख पडते, माणूस गावी जातो आणि घरादाराला वाटतं, सुटलो एकदाचे.

पण माणूस किती जगणार आणि कसा जगणार, हे त्यानंतरच्या महिन्यांतही ठरत असतं. त्यावर चांगलं संशोधन झालंय आणि ते पेशंटच्या घरापर्यंत पोचत नाही, ही माझी खरी तळमळ आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. ईथन बॅश यांनी कॅन्सर शरीरात पसरलेल्या, किमो चालू असलेल्या ७६६ पेशंटांवर एक चाचणी केली. काहींची नेहमीसारखी तपासणी होत राहिली. बाकीच्यांनी मळमळ, वेदना, धाप, थकवा अशा बारा त्रासांची माहिती कॉम्प्युटरवर नियमित भरायची होती. त्रास वाढलेला दिसला की नर्सकडं सूचना जायची. औषधं तीच होती. २०१७ साली निष्कर्ष आला तेव्हा नेहमीच्या गटाचं मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ, २६ महिने निघालं आणि माहिती भरणाऱ्यांचं ३१.२ महिने. त्यांना किमोही जास्त काळ सोसली. नंतर अमेरिकेतल्या ५२ ठिकाणी झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. त्रास आटोक्यात राहिला, जगणं सुसह्य झालं आणि तातडीनं दवाखाना गाठायची वेळ लांबली, एवढं नक्की दिसलं. माझ्या मते तेवढंही पुष्कळ आहे.

आपल्याकडं अडचण वेगळी आहे. ‘कसं वाटतंय?’ म्हटलं की ‘बरं हाय’ असंच उत्तर येतं. डॉक्टरांचा वेळ घेऊ नये हा संकोच असतो, आणि तक्रार केली तर पुन्हा भरती करतील ही भीती. ‘काल किती भाकरी खाल्ली? रात्री कितीदा उठलात?’ असं विचारलं, की खरी गोष्ट बाहेर येते.

आपल्या भागात मिश्री, मावा, गुटखा यांची सवय घराघरांत आहे, म्हणून तोंडाच्या कॅन्सरबद्दल जास्त सांगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रश्न सोडवला. तोंडातली गाठ लवकर सापडली, मानेत काही लागत नाही, तरी मानेतल्या लसीका ग्रंथी, म्हणजे तोंडातला कॅन्सर बहुतेकदा आधी जिथं पसरतो त्या बारीक गाठी, त्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात का? २०१५ साली उत्तर मिळालं. आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के पेशंट तीन वर्षांनी हयात होते. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. या एका उत्तरानं कित्येकांचे प्राण वाचले असतील.

वाचलेल्या माणसाला पुढं काय सोसावं लागतं, तेही बघायला हवं. मानेच्या त्याच भागातून खांद्याच्या स्नायूची नस जाते. ती दुखावली तर खांदा उतरतो, हात वर जात नाही. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. ऑपरेशन आणि रेडिएशननं जबड्याचे स्नायू आखडतात. एरवी तोंडात तीन बोटं उभी मावतात, या माणसाच्या दीडच मावतात. भाकरीचा घास आत जात नाही, ती आमटीत कुस्करून चमच्यानं सारावी लागते. ओठाच्या कडेनं ओघळ येतो म्हणून तो पंगतीला बसायचं सोडतो. लग्नाला जातो, अक्षता टाकतो आणि न जेवता परततो.

यावर साधा व्यायाम आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये ठेवायची, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. दिवसातून अनेकदा आणि महिनोन्महिने. फिजिओथेरपिस्टकडून तो लवकर शिकून घ्यावा, कारण पक्का आखडलेला जबडा मोकळा करणं फार अवघड जातं.

दातांचंही सांभाळायला हवं. रेडिएशननं लाळ आटते, त्यामुळं दात भराभर किडतात. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी झालेला असतो. दात उपटला तर जखम न भरता हाड उघडं पडू शकतं, म्हणून गावातल्या दातांच्या डॉक्टरांना रेडिएशन झाल्याचं आधी सांगावं, मग त्याला दहा वर्षं झालेली का असेनात. मानेवरच्या रेडिएशननं थायरॉइडही मंदावतं. सतत झोप, अंगावर सूज, थंडी वाजणं हा ‘कॅन्सरचा अशक्तपणा’ समजून वर्षं काढलेली माणसं असतात. सहा ते बारा महिन्यांनी रक्ताची टीएसएच तपासणी केली की ते कळतं आणि गोळीनं सुधारतं.

अशक्तपणा म्हटला की घरचे पेशंटला कॉटवरून उठू देत नाहीत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून उठलेल्या ८८९ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ऑपरेशन आणि किमोनंतर ज्यांच्याकडून तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम करून घेतला, त्यांच्यातले सुमारे ९० टक्के आठ वर्षांनी हयात होते. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांत ते प्रमाण ८३ टक्के होतं. व्यायाम म्हणजे बहुतेकांसाठी आठवड्यातून तीन-चारदा भरभर चालणं. हा आकडा त्याच कॅन्सरचा आहे, सगळ्यांना लावू नये. थकवा मात्र इतर कॅन्सरमध्येही चालण्यानं कमी होतो.

सांगलीत हळदीचा विषय निघतोच. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, आणि हळदीनं माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. भाजीत खुशाल घाला. त्याच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. पेशंट दवाखान्यात येण्याची वाट न बघता तिथले कार्यकर्ते गावोगाव जाऊन माहिती काढतात. उपचार झालेल्यांसाठीही हे करता येईल. तोंडाचा कॅन्सर उलटतो तो बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. तेवढा काळ आशाताईंनी महिन्यातून एकदा घरी जावं, त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळावा, आणि त्यांनी एवढंच विचारावं: तोंड किती बोटं उघडतंय, वजन किती भरलं, मानेला नवीन गाठ लागतेय का, तंबाखू परत सुरू झाली का, आणि पुढच्या तारखेला मिरजेला सोबत कोण येणार आहे.