विल्क्स मोहीम (१८३८–४२) आणि तिच्या नकाशांचा वारसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नौदलाने लेफ्टनंट चार्ल्स विल्क्स (१७९८–१८७७) यांच्या नेतृत्वाखाली १८३८ ते १८४२ या काळात काढलेली पृथ्वीप्रदक्षिणेची शास्त्रीय व सर्वेक्षण मोहीम. ‘युनायटेड स्टेट्स एक्सप्लोअरिंग एक्सपिडिशन’ हे तिचे अधिकृत नाव असून व्यवहारात ती सेनानायकाच्या नावाने ओळखली जाते. पॅसिफिक महासागरातील बेटे, अंटार्क्टिकाचा किनारा आणि उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा ही तिची मुख्य कार्यक्षेत्रे होती. तिच्या हयातीत ती गाजली ती अंटार्क्टिकाचा शोध कोणी लावला या वादामुळे आणि परतल्यावर झालेल्या कोर्टमार्शलमुळे. प्रत्यक्षात तिचे सर्वांत टिकाऊ काम या दोन्हींपासून दूर, पॅसिफिकमधील लहानलहान बेटांच्या सागरी नकाशांत झाले.

मोहिमेमागे व्यापाराची निकड होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देवमाशांची शिकार करणारी शेकडो अमेरिकन जहाजे पॅसिफिकमध्ये वावरत होती. सीलची कातडी, चंदन व समुद्रकाकडी (खाण्यासाठी विकला जाणारा एक सागरी प्राणी) यांचा व्यापार करणाऱ्या तारवांची त्यांत भर होती. या साऱ्यांना ज्या पाण्यातून जावे लागे, तेथील प्रवाळखडकांची नोंद एकतर नव्हतीच, किंवा असली तर ती परक्या आरमारांच्या अपुऱ्या नकाशांत होती. जेरेमाया रेनॉल्ड्स या वक्त्याने या मागणीसाठी अनेक वर्षे प्रचार केला. पृथ्वी आतून पोकळ असून ध्रुवांपाशी तिला तोंडे आहेत, या जॉन सिम्झ यांच्या चमत्कारिक कल्पनेच्या प्रसारापासून त्याची सुरुवात झाली होती आणि पुढे ती कल्पना सोडून तो दक्षिण समुद्रातील मोहिमेचा पुरस्कर्ता बनला. काँग्रेसने १८३६ मध्ये मोहिमेला मंजुरी दिली, तरी पुढची दोन वर्षे खातेनिहाय भांडणांत आणि राजीनाम्यांत गेली. अनेक वरिष्ठ अधिकाऱ्यांनी अंग काढून घेतल्यावर नेतृत्व आले ते नौदलाच्या नकाशे व उपकरणांच्या भांडाराचे प्रमुखपद सांभाळलेल्या, दर्जाने केवळ लेफ्टनंट असलेल्या विल्क्स यांच्याकडे. ज्या रेनॉल्ड्समुळे मोहीम घडली, त्यालाच तीत जागा मिळाली नाही.

१८ ऑगस्ट १८३८ रोजी व्हर्जिनियातील हॅम्प्टन रोड्स येथून सहा जहाजे निघाली: व्हिन्सेन्स, पीकॉक, पॉर्पस, रिलीफ, सी गल आणि फ्लाइंग फिश. सुमारे साडेतीनशे माणसांच्या या ताफ्यात नऊ मुलकी शास्त्रज्ञ व चित्रकार होते. त्यांत भूशास्त्रज्ञ जेम्स ड्वाइट डेना, निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स पिकरिंग व टिशन पील, भाषाशास्त्रज्ञ होरेशिओ हेल आणि चित्रकार आल्फ्रेड एगट व जोसेफ ड्रेटन यांचा समावेश होता. रिओ द जानेरो, टिएरा देल फ्वेगो, ताहिती, सामोआ, सिडनी, अंटार्क्टिका, फिजी, हवाई, ऑरेगन, मनिला, सिंगापूर आणि केप टाउन असा प्रवास करून ताफा जून १८४२ मध्ये न्यूयॉर्कला परतला. सी गल चिलीच्या किनाऱ्याजवळ माणसांसह बेपत्ता झाले. पीकॉक जुलै १८४१ मध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर आपटून फुटले, पण त्यावरील सर्व माणसे वाचली.

नकाशे काढण्याची पद्धत

जमिनीवरच्या त्रिकोणीकरणाला, म्हणजे एका रेषेच्या दोन टोकांवरून कोन मोजून दूरच्या जागा ठरवण्याच्या रीतीला, एक काळजीपूर्वक मोजलेली आधाररेषा लागते. याच सुमारास भारतात चालू असलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात अशी एक रेषा धातूच्या खास पट्ट्यांनी मोजण्यात आठवडे जात. डोलत्या जहाजावरून, वारा आणि प्रवाह यांच्या तावडीत राहून, आणि पुढच्या बेटाकडे जाण्याची घाई असताना हे शक्य नव्हते. विल्क्स यांनी आधाररेषा आवाजाने मोजली. दोन किंवा अधिक जहाजे बेटाभोवती ठरलेल्या जागी उभी राहत आणि आळीपाळीने तोफ डागत. इतर जहाजांवरील अधिकारी तोफेचा जाळ दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजत आणि ध्वनीच्या ज्ञात वेगावरून जहाजांमधील अंतर काढत. त्याच वेळी प्रत्येक जहाजावरून इतर जहाजांच्या डोलकाठ्या आणि किनाऱ्यावरील ठळक खुणा यांच्यातील कोन सेक्स्टंटने टिपले जात. दरम्यान लहान होड्या खडकाच्या कडेने फिरून ओळंब्याने पाण्याची खोली वावांत (एक वाव म्हणजे सहा फूट) मोजत. नंतर जहाजे जागा बदलत आणि हाच क्रम पुन्हा चाले. जागेचे अक्षांश-रेखांश खगोलीय वेध आणि क्रोनॉमीटर (अचूक सागरी घड्याळ) यांवरून ठरत.

ही पद्धत अगदी अचूक नव्हती, कारण तोफेचा आवाज वाऱ्याच्या दिशेने लवकर आणि वाऱ्याच्या उलट उशिरा पोचतो. पण आळीपाळीने दोन्ही बाजूंनी तोफा डागल्यामुळे ही चूक बरीचशी कटत असे आणि लहान बेट एका दिवसात पूर्ण होई. अधिकाऱ्यांनी आपापल्या नोंदी आणि कच्चे आराखडे ताबडतोब तयार करावेत, असा विल्क्स यांचा दंडक होता. त्यांचा कडक आणि संशयी स्वभाव हाताखालच्यांना नकोसा झाला होता, हे कोर्टमार्शलमध्ये उघड झाले. तरीही अनेक हातांनी, चार वर्षे, एकाच ठरलेल्या रीतीने मोजमाप होत राहिले याचे श्रेय बऱ्याच अंशी त्याच स्वभावाला द्यावे लागते. अशा रीतीने सुमारे २८० बेटांचे सर्वेक्षण झाले आणि सुमारे १८० नकाशे तयार झाले. वायव्य अमेरिकेचा सुमारे ८०० मैल किनाराही नोंदला गेला.

या नकाशांत बेटाचा आकार असेच, पण खलाशाला लागणारी माहिती अधिक महत्त्वाची होती: खडकातली वाट कोठे आहे, नांगर टाकायला तळ कसा आहे, गोडे पाणी व सरपण कोठे मिळेल. फिजीच्या बाबतीत हे काम विशेष मोलाचे ठरले. प्रवाळखडकांनी भरलेल्या त्या समुद्रात अमेरिकन व्यापारी जहाजे पूर्वी वारंवार फुटत असत, आणि १८४० च्या सर्वेक्षणामुळे त्या द्वीपसमूहाचा प्रथमच बऱ्यापैकी पूर्ण नकाशा उपलब्ध झाला.

नकाशे आणि बळ

मोजमापाचे काम निःशस्त्र नव्हते. सामोआ आणि फिजी येथे विल्क्स यांनी स्थानिक प्रमुखांकडून बंदरांचे नियम मान्य करून घेतले आणि अमेरिकन जहाजांच्या सोयीची व्यवस्था लावून दिली. फिजीतील मालोलो बेटावर जुलै १८४० मध्ये अन्नाच्या देवघेवीवरून झालेल्या चकमकीत लेफ्टनंट जोसेफ अंडरवुड आणि विल्क्स यांचा भाचा मिडशिपमन (शिकाऊ नौदल अधिकारी) विल्क्स हेन्री हे दोघे मारले गेले. त्याचा सूड म्हणून मोहिमेच्या सैनिकांनी दोन गावे जाळली आणि सुमारे ८० फिजीयन मारले. पुढच्या वर्षी गिल्बर्ट बेटांपैकी ताबितेउआ येथे एक खलाशी बेपत्ता झाल्यावरही असाच हल्ला झाला. १८३४ मध्ये अमेरिकन खलाशांच्या हत्येत सामील असल्याच्या आरोपावरून फिजीतील वेन्डोवी या प्रमुखाला कैद करून जहाजावर घेतले गेले. न्यूयॉर्कला पोचताच तो मरण पावला आणि त्याची कवटी मोहिमेच्या संग्रहात ठेवण्यात आली. शास्त्रीय मोहीम म्हणून तिचा गौरव करणाऱ्या जुन्या वृत्तांतांत हे प्रसंग दोन ओळींत उरकले जात. अलीकडच्या लेखनात त्यांना मोहिमेच्या कार्यपद्धतीचाच भाग मानले जाते आणि तेच योग्य आहे, कारण होड्या किनाऱ्याला लावून खोली मोजणाऱ्यांना संरक्षण देणारी आणि गावांवर डागली जाणारी शस्त्रे एकच होती.

अंटार्क्टिकाचा वाद

२६ डिसेंबर १८३९ रोजी सिडनी सोडून ताफा दक्षिणेकडे निघाला आणि जानेवारी–फेब्रुवारी १८४० मध्ये त्याने बर्फाच्या कडेने सुमारे १,५०० मैल प्रवास केला. या प्रवासात अधूनमधून दिसलेल्या भूमीच्या तुकड्यांवरून हा एक सलग खंड आहे, असा निष्कर्ष विल्क्स यांनी काढला आणि आपल्या नकाशावर ‘अंटार्क्टिक खंड’ असे नाव घातले. द्यूमाँ द्यूर्व्हिल यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच मोहीमही त्याच दिवसांत त्याच किनाऱ्यावर होती. त्यामुळे १९ जानेवारीला भूमी कोणी आधी पाहिली, हा प्रश्न राष्ट्रीय प्रतिष्ठेचा झाला. कोर्टमार्शलमध्ये विल्क्स यांनी खोटी तारीख सांगितल्याचा आरोपही होता. त्यातून ते सुटले आणि खलाशांना कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फटके दिल्याबद्दल मात्र त्यांच्यावर जाहीर ठपका ठेवण्यात आला.

खरा घाव दुसऱ्या बाजूने आला. विल्क्स यांनी आपल्या नकाशाची प्रत सौजन्य म्हणून ब्रिटिश नौदलातील जेम्स क्लार्क रॉस यांना पाठवली होती. १८४१ मध्ये रॉस यांची जहाजे त्या नकाशात भूमी दाखवलेल्या भागावरून सरळ निघून गेली. ती भूमी आपण पाहिलेली नसून ब्रिटिश शिकारी जॉन बॅलेनी यांच्या वृत्तांतावरून दाखवली होती, असा खुलासा विल्क्स यांनी केला, पण नकाशात पाहिलेले आणि ऐकलेले यांच्यात फरक केलेला नव्हता. नकाशाकार म्हणून ही त्यांची गंभीर चूक म्हणावी लागेल. पॅसिफिकमध्ये ज्यांनी आपल्या माणसांना प्रत्येक कोन नोंदवायला लावला, त्यांनीच येथे तो दंडक स्वतः पाळला नाही. विसाव्या शतकात डग्लस मॉसन यांच्या मोहिमेने (१९११–१४) काही दावे फेटाळले आणि काहींना दुजोरा दिला. ध्रुवीय हवेत क्षितिजापलीकडची भूमी मृगजळासारखी वर उचलून दिसते, त्यामुळे अंतरे खूप कमी भासतात, हे लक्षात घेतल्यावर विल्क्स यांच्या अनेक नोंदी किनाऱ्याशी जुळतात. साधारण १००° ते १३६° पूर्व रेखांशांदरम्यानचा प्रदेश आज ‘विल्क्स लँड’ म्हणून ओळखला जातो.

शास्त्रीय फलित

संग्रहात सुमारे ५०,००० वनस्पतींचे नमुने आणि मानवशास्त्रीय वस्तूंचा फार मोठा साठा होता. तो प्रथम वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयाच्या इमारतीत मांडला गेला आणि १८५० च्या दशकाच्या अखेरीस स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचा तो पायाभूत भाग आहे. आणलेल्या जिवंत झाडांसाठी बांधलेल्या काचगृहातून संयुक्त संस्थानांचे राष्ट्रीय वनस्पति उद्यान उभे राहिले. अहवालांची छपाई मात्र रखडली. अधिकृत आवृत्तीच्या फक्त १०० प्रती काढायच्या असे काँग्रेसने ठरवल्याने ते ज्ञान अनेक वर्षे फार थोड्या लोकांपर्यंत पोचले, आणि शेवटचा खंड १८७४ मध्ये निघाला.

शास्त्रज्ञांपैकी डेना आणि हेल यांचे काम नकाशांशी थेट जोडलेले आहे. खोल समुद्रात बुडत जाणाऱ्या ज्वालामुखी बेटांभोवती प्रवाळ वाढत राहून कंकणद्वीपे तयार होतात, हा चार्ल्स डार्विन यांचा सिद्धांत डेना यांनी सिडनीत वर्तमानपत्रातून वाचला, आणि मोहिमेने पाहिलेल्या बेटांच्या किनाऱ्यांतून त्याला भक्कम पुरावा दिला. पाण्याखाली गेलेल्या दऱ्यांची खाड्यांसारखी मुखे हा त्यांतला महत्त्वाचा दुवा होता. हवाई बेटांची झीज वायव्येकडे वाढत जाते, म्हणजे तिकडची बेटे जुनी आहेत, हेही त्यांनी ओळखले. हेल यांनी पॉलिनेशियातील भाषांची तुलना करून लोकांच्या स्थलांतराचा नकाशा तयार केला. राइआतेआचे नाविक तुपाइआ यांनी १७६९ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या जहाजावर असताना काढलेल्या नकाशाची एक प्रतही त्यांनी १८४६ मध्ये छापली. दिशांबाबत युरोपीय अधिकाऱ्यांचा गैरसमज झाल्यामुळेच तो नकाशा चुकीचा भासतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्थानिक नाविकांच्या भूगोलाला असे गांभीर्याने घेणे हे त्या काळात विरळच होते.

नकाशांचे पुढचे आयुष्य

पीकॉकच्या अपघातामुळे कोलंबियाचे मुख किती धोक्याचे आहे, हे वॉशिंग्टनला कळले. उलट त्याच्या उत्तरेकडील प्युजेट साउंड या खाडीतील खोल, सुरक्षित बंदरांचे वर्णन विल्क्स यांच्या अहवालात आणि नकाशांत होते. ऑरेगनच्या सीमेबाबत ब्रिटनशी वाटाघाटी चालू असताना उत्तरेकडची ही बंदरे हातची जाऊ देऊ नयेत, या अमेरिकन आग्रहाला या माहितीने बळ दिले. १८४६ च्या तहाने ४९° उत्तर अक्षवृत्त ही सीमा ठरली.

त्या किनाऱ्यावरील नावांत मोहिमेचा ठसा अजून दिसतो. सिॲटलसमोरचा एलियट बे, मोजमापाला जेथून आरंभ झाला तो कमेन्समेंट बे आणि बेनब्रिज बेट ही नावे विल्क्स यांनी दिली. शेजारच्या सान हुआन बेटांना मात्र त्यांनी १८१२ च्या युद्धातील नौदल अधिकाऱ्यांची नावे दिली होती आणि १८४७ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हेन्री केलेट यांनी त्यांतली बरीच काढून स्पॅनिश नावे परत आणली. त्यामुळे हल्स आयलंडचे ओर्कास आणि रॉजर्स आयलंडचे सान हुआन झाले. टोकेलाऊमधील फाकाओफो बेटाला दिलेले बाउडिच हे नाव अशाच रीतीने मागे पडले. वेक कंकणद्वीपाच्या तीन बेटांपैकी दोन आजही विल्क्स आणि पील या नावांनी ओळखली जातात.

पॅसिफिकच्या दूरच्या बेटांवर पुन्हा सर्वेक्षण करण्याचे कारण कोणत्याच आरमाराला फारसे पडले नाही, म्हणून हे नकाशे शंभर वर्षे चालले. नोव्हेंबर १९४३ मध्ये अमेरिकन फौजांनी जपानच्या ताब्यातील, गिल्बर्ट बेटांपैकी तारावा या कंकणद्वीपावर हल्ला केला, तेव्हा हाताशी असलेल्या नकाशांत १८४१ च्या सर्वेक्षणावर आधारलेले नकाशे होते. प्रवाळखडकावर होड्या अडकून झालेल्या मोठ्या हानीला मुख्यतः भरतीच्या पाण्याचा चुकलेला अंदाज कारणीभूत होता. पण त्या पाण्याची ताजी मोजणी कोणी केलेली नव्हती, हेही तितकेच खरे. युद्धकाळात हवाई छायाचित्रांवरून नवे नकाशे तयार होऊ लागल्यावर विल्क्स मोहिमेचे नकाशे क्रमाक्रमाने वापरातून गेले.