जुन्या लॅपटॉपवरील मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण : पार्श्वभूमी

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या परिसरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. अडचण असते ती ध्वनिमुद्रणाची. तासावर भाडे मोजून स्टुडिओ घेणे भजनी मंडळाला किंवा हौशी गायकाला परवडत नाही, आणि घरात मात्र एखादा कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा, दोन जीबी रॅमचा लॅपटॉप विंडोज चालवताना धापा टाकतो म्हणून कपाटात पडलेला असतो. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती टाकून अशा यंत्रावर मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा नोंदून नंतर एकत्र करण्याचे, आठ-दहा ट्रॅकचे काम होऊ शकते. मात्र ते शक्य होण्यामागे यंत्राच्या ताकदीपेक्षा वेळेच्या अचूकतेचा इतिहास आहे.

मिरजेत वास्तव्य केलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या काळात तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची असे, आणि गायक व साथीदार यांचा आवाज एकत्रच नोंदला जाई. चूक झाली की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. एकेका वाद्याला स्वतंत्र ट्रॅक ही कल्पना प्रत्यक्षात आली ती चुंबकीय फितीमुळे, आणि तिच्या वाटेत पहिला अडथळा उभा राहिला तोही वेळेचाच. टेपयंत्रात मुद्रणाचे आणि ऐकण्याचे हेड वेगळे असतात. फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन हेडांमध्ये दीड इंच अंतर असेल, तर आधीचा ट्रॅक ऐकत वाजवणाऱ्याचा नवा ट्रॅक सेकंदाच्या दहाव्या भागाने मागे पडतो. अँपेक्स कंपनीतील रॉस स्नायडर यांनी मुद्रणाच्याच हेडमधून जुने ट्रॅक ऐकवण्याची ‘सेल-सिंक’ युक्ती काढली आणि तसे आठ ट्रॅकचे यंत्र १९५७ मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्याकडे पोहोचले. १९७९ मध्ये टिअ‍ॅकने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारा पोर्टास्टुडिओ आणला, आणि मल्टिट्रॅक प्रथमच घरात शिरले.

संगणकावर हाच अडथळा लेटन्सी, म्हणजे आवाज आत जाऊन परत ऐकू येईपर्यंतचा उशीर, या नावाने परत आला. तसे पाहिले तर ध्वनीची माहिती फार नसते. सेकंदाला ४८,००० नमुने (ध्वनिलहरीची मोजमापे) आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा धरला, तर एका ट्रॅकला सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. आठ ट्रॅक एकदम नोंदले तरी सव्वा मेगाबाइटच्या आतच काम भागते, आणि लॅपटॉपमधील जुनी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने लिहिते. खरी कसोटी अशी की, दर काही मिलिसेकंदांनी येणारा नमुन्यांचा गठ्ठा प्रोसेसरने ठरल्या क्षणी उचलायलाच हवा. तेवढ्यात तो वायफाय किंवा स्क्रीनच्या कामात अडकला, तर ‘एक्सरन’ होतो आणि ध्वनीत टिचकी ऐकू येते. नव्या, महागड्या लॅपटॉपवरही हे घडते. म्हणून नवे यंत्र घ्या हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला अर्धवट वाटतो.

लिनक्सवर हे काम टप्प्याटप्प्याने झाले. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला अल्सा हा ध्वनिप्रकल्प २००३ अखेरच्या २.६ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, स्थिरावला. अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक असलेले पॉल डेव्हिस यांनी आर्डर हे मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि त्याच कामातून जॅक हा ध्वनिसर्व्हर वेगळा झाला, ज्यामुळे निरनिराळे प्रोग्राम एकाच तालावर चालू लागले. इंगो मोल्नार यांनी २००४ पासून कर्नलला तातडीचे काम आधी करायला लावणारे रिअल-टाइम बदल तयार केले. ते संगीतासाठीच्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षे वेगळे जोडावे लागत आणि मूळ कर्नलमध्ये पूर्णपणे आले ते थेट २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत. दरम्यान २००७ मध्ये उबुंटू स्टुडिओ आले, एव्ही लिनक्ससारखे तयार संच मिळू लागले, आणि विम टायमन्स यांच्या पाइपवायर या नव्या ध्वनिसर्व्हरने जॅकची बरीचशी जुळवाजुळव अनावश्यक केली. हलक्या डेस्कटॉपचा फायदा या साखळीच्या शेवटी येतो : एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी पार्श्वभूमीत फारसे काही चालवत नाही, त्यामुळे रॅम उरते आणि मधेच लुडबुड करणारे प्रोग्रामही कमी होतात.

तरीही २५६ नमुन्यांचे तीन बफर (नमुने तात्पुरते साठवणारे गठ्ठे) ठेवले तर १६ मिलिसेकंद जातातच, आणि द्रुत लयीत तबलजीला ते बोचतात. त्यावर उपाय म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधून न फिरवता यूएसबी इंटरफेसमधूनच (माइक आणि लॅपटॉप जोडणाऱ्या पेटीतूनच) थेट हेडफोनला देणे. मग नव्या ट्रॅकला झालेला उशीर आर्डर मोजून घेते आणि ट्रॅक तेवढाच आधीच्या क्षणाकडे सरकवते. त्यासाठी इंटरफेसचे आउटपुट एका केबलने त्याच्याच इनपुटला जोडून एकदा मोजणी करावी लागते.

ख्यालाची मैफल असे पदर लावून मुद्रित करू नये असे माझे मत आहे, कारण तिथे गायक आणि साथीदार एकमेकांना ऐकतच पुढे जातात. अभंग, भावगीत किंवा नाट्यपद मात्र या पद्धतीत चांगले बसते, विशेषतः पेटीवाला मिरजेहून एका संध्याकाळी आणि पखवाजवाला तासगावहून दुसऱ्या संध्याकाळी येणार असेल तेव्हा. पेटीचा सूर बदलता येत नसल्याने पहिल्या ट्रॅकसाठी तंबोरा पेटीच्या पट्टीला लावून घ्यावा. तो किंचित उतरलेला राहिला, तर पुढचा प्रत्येक ट्रॅक त्याच्याशी भांडत राहतो. लय धरायला मेट्रोनोमच्या टकटकीऐवजी साध्या ठेक्याचा मार्गदर्शक ट्रॅक ठेवावा आणि शेवटी तो बंद करावा. चार्जर लावल्यावर ध्वनीत घुंई येत असेल, तर मुद्रणापुरता तो काढून बॅटरीवर काम करावे. जुन्या बॅटरीची एका गाण्यापुरती तग धरण्याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

लॅपटॉप किती जुना चालेल, याची सीमा आता ध्वनीपेक्षा प्रोसेसरच्या बिटांवर ठरते. अनेक लिनक्स संचांचा पाया असलेल्या डेबियनच्या, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय काढून टाकली. कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा असल्याने त्याला याची झळ लागत नाही. त्याआधीच्या पेंटियम एम वर्गातील यंत्रांना मात्र जुन्या आवृत्तीवरच भागवावे लागेल.